नातवंडाचा ताबा मागावा की भेट? कोर्टात जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी

वकिलासमोर बसल्यावर आजी-आजोबांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते बहुधा हेच: "आमचा नातू आम्हाला परत मिळवून द्या." मुलगा गेलेला असतो, सून लेकराला घेऊन माहेरी गेलेली असते आणि फोन उचलला जात नसतो. किंवा मुलगी गेलेली असते, जावयाने दुसरं लग्न केलेलं असतं आणि ज्या नातीला आजीने न्हाऊमाखू घातलं तिला बघायलाही मिळत नसतं. यामागचं दुःख खरं आहे. पण अर्जही त्याच शब्दांत लिहिला गेला, तर जी गोष्ट मिळण्यासारखी होती तीही हातची जाते.

कोर्टाकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी मागता येतात. पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा अधिकार. ताबा, म्हणजे मूल रोज कोणाच्या घरी राहणार. आणि भेट, म्हणजे मूल दुसऱ्याकडे राहत असताना ठरलेल्या वेळी त्याच्यासोबत घालवता येणारा वेळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं आहे की पालकत्व आणि ताबा हे वेगळे प्रश्न आहेत. पालकत्वात वडिलांना प्राधान्य असलं, तरी ताबा आपोआप त्यांच्याकडेच जातो असं नाही. त्या खटल्यात वडिलांनी दुसरं लग्न केलेलं असताना मुलांचा तात्पुरता ताबा आईकडच्या आजोबांकडे आणि मावश्यांकडेच राहिला. तेव्हा आपल्याला यातलं नेमकं काय हवं आहे, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी ठरवा.

आजी-आजोबांच्या हक्कांचा वेगळा कायदा भारतात नाही. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७व्या अहवालात आजी-आजोबांसोबतच्या वेळेचा विचार व्हावा असं सुचवलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. आज अर्ज होतो तो १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली. त्याच्या कलम ८ नुसार मुलाचा कोणीही नातेवाईक अर्ज करू शकतो, त्यामुळे दार बंद नाही. अडसर आहे तो कलम १९ चा. आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाच्या मते पालक व्हायला अपात्र नसतील, तर मुलाच्या देखभालीसाठी दुसरा पालक नेमता येत नाही. पूर्वी या कलमात फक्त वडिलांचा उल्लेख होता; २०१० च्या दुरुस्तीने आईचाही आला. हिंदू कुटुंबांना याच्या जोडीला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू होतो. त्याच्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असतं, आणि कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सगळ्यांच्या वर. मुस्लिम कुटुंबात हनफी परंपरेप्रमाणे लहान मुलाच्या संगोपनाचा हक्क आईनंतर आईच्या आईकडे जातो, त्यामुळे तिथे आजीचं स्थान मुळातच भक्कम असतं. तरी हिताची कसोटी कोर्ट तिथेही लावतंच.

भेटीचा आधार मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ मध्ये पालकत्व, ताबा आणि मुलाला भेटणं हे तिन्ही विषय या न्यायालयाच्या कक्षेत दिले आहेत, आणि भेट फक्त आई-वडिलांनीच मागावी असं तिथे म्हटलेलं नाही. आजी-आजोबांच्या भेटीच्या अर्जाला इथे उभं राहायला जागा मिळते.

आता निकालांकडे बघू, कारण आशा आणि भीती दोन्ही तिथे मोजता येतात. २००८ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात मुलाच्या आईच्या मृत्यूबद्दल वडिलांवर फौजदारी खटला चालू होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मूल वडिलांना दिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि मूल आईच्या आई-वडिलांकडेच ठेवलं, कारण प्रलंबित खटला आणि मुलाची इच्छा या दोन्हींकडे आधी नीट पाहिलंच गेलं नव्हतं. २०१० मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात आई बाळंतपणानंतर दगावलेली, मूल आईच्या वडिलांनी वाढवलेलं आणि वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, अशी स्थिती होती. तिथे ताबा आजोबांकडे राहिला आणि वडिलांना भेटीचे दिवस मिळाले. २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात आई-वडील दोघेही कोविडने गेले होते. उच्च न्यायालयाने मूल मावशीला दिलं होतं, कारण तिला सरकारी नोकरी होती, एकत्र कुटुंब होतं, आणि आजोबा सत्तरी ओलांडलेले, निवृत्त. सर्वोच्च न्यायालयाने मूल वडिलांच्या आई-वडिलांना दिलं आणि सांगितलं की उत्पन्न आणि वय एवढ्यावरून आजी-आजोबांना नाकारता येत नाही. याच्या उलट, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आजीला पाच वर्षांचा नातू त्याच्या आई-वडिलांकडे सोपवायला सांगितलं. जन्मापासून सांभाळ केला, जिव्हाळा आहे, हे मान्य करूनही दोघे जन्मदाते हयात आणि सक्षम असताना आजीला त्यांच्यापेक्षा वरचा हक्क मिळत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

हे निकाल एकत्र वाचले की रेषा दिसते. दोन्ही पालक नसतील, किंवा हयात पालकाविरुद्ध गंभीर आणि कागदावर दाखवता येणारी बाब असेल, किंवा मूल आधीपासून वर्षानुवर्षं तुमच्याच घरी वाढलं असेल, तर ताबा मागण्यात अर्थ आहे. सून एकटी का होईना मुलाला नीट वाढवत असेल, शाळा चालू असेल, मूल हसतं-खेळतं असेल, तर ताबा मागू नका. हे मी आग्रहाने सांगते. ताब्याच्या अर्जात तिला अपात्र ठरवावं लागतं, म्हणजे तिच्या चारित्र्यावर, नोकरीवर, माहेरच्या माणसांवर लिहावं लागतं. अर्ज फेटाळला जातो, पण लिहिलेलं तिने वाचलेलं असतं. मग भेटीचा साधा प्रस्तावही तिला डाव वाटतो, आणि त्यात तिचं चुकतं असं म्हणता येत नाही.

मुलगा-सून दोघे हयात आहेत, घटस्फोटाचा दावा चालू आहे आणि नातवंड सुनेकडे आहे, अशी स्थिती असेल तर वेगळा अर्ज बहुतेकदा लागतच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तुमच्या मुलाला त्याच्या लेकराची जी भेट मिळते, तिच्यातच एक ओळ घालून घ्यावी: "भेटीच्या वेळी अर्जदाराचे आई-वडील उपस्थित राहू शकतील." मुलगा परदेशी किंवा दूरच्या नोकरीत असेल तर "अर्जदार येऊ न शकल्यास त्याच्या आई-वडिलांना भेट घेता येईल" हेही मागावं. आदेश झाल्यानंतरही अशी दुरुस्ती मागता येते. ही एक ओळ नसल्यामुळे कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीबाहेर आजीला ताटकळत बसावं लागतं.

कोर्टाआधी एक पत्र लिहा. वकिलाची नोटीस नंतर. पत्रात आरोप नको, जुना हिशेब नको; मुलाला भेटायचं आहे, तुमच्या सोयीच्या जागी, तुमच्या सोयीच्या वेळी, हवं तर तुम्ही समोर बसा, एवढंच. उत्तर आलं नाही तरी पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती पुढे कामाला येते, कारण तुम्ही सरळ वाटेने गेलात हे त्यातून दिसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीही मध्यस्थीसाठी जाता येतं. आजी अर्जदार असेल तर तिला मोफत वकीलही तिथेच मिळू शकतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. पण वाट बघत वर्षं घालवू नका. मूल तीन वर्षांचं असताना तुटलेला संपर्क सहाव्या वर्षी जोडायला गेलात, तर मुलासाठी तुम्ही अनोळखी असता, आणि कोर्ट अनोळखी माणसाकडे मूल पाठवताना कचरतं.

अर्ज कुठे करायचा, यावरच पुष्कळ अर्ज अडखळतात. पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ नुसार मूल सामान्यतः जिथे राहतं तिथलं न्यायालय. तुमचं घर जिथे आहे तिथलं नव्हे, आणि मुलाचा जन्म झाला तिथलंही नव्हे. नाशिकचे आजी-आजोबा आणि पुण्यात शाळेत जाणारा नातू असेल, तर अर्ज पुण्यात. त्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. मुलाला सुट्टीसाठी आणून इथेच ठेवून घेतलं आणि इथल्या न्यायालयात अर्ज टाकला, तर तो टिकणं कठीण. वर तुमच्यावरच मूल अडकवून ठेवल्याचा ठपका येतो. चुकीच्या न्यायालयात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

अर्जात काय हवं हे कलम १० मध्येच सांगितलं आहे: मुलाचं नाव, जन्मतारीख, धर्म, राहण्याचं ठिकाण; मालमत्ता असेल तर ती कुठे आणि अंदाजे किती किमतीची; सध्या मूल कोणाकडे आहे; जवळचे नातेवाईक कोण आणि कुठे राहतात; याआधी याच किंवा दुसऱ्या कोर्टात असा अर्ज झाला होता का आणि त्याचं काय झालं; अर्ज करण्याचं कारण; आणि होऊ इच्छिणाऱ्या पालकाची पात्रता. पालकत्व मागत असाल तर पालक व्हायला तयार असल्याचं निवेदन जोडावं लागतं. त्यावर तुमची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हेच निवेदन राहून जातं आणि कार्यालयीन त्रुटीत तारखा जातात. आधीचा अर्ज लपवणं त्याहून वाईट. समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो बाहेर काढतो आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

पुरावा म्हणून लोक फोटोंचे अल्बम आणतात. फोटोंनी प्रेम दिसतं. कोर्टाला दिनक्रम बघायचा असतो. शाळेच्या फॉर्मवर तातडीच्या संपर्कात कोणाचा नंबर आहे, लसीकरणाच्या कार्डावर पत्ता कोणता, फी कोणाच्या खात्यातून गेली, दवाखान्याच्या कागदावर सोबत आलेल्याचं नाव काय, हे कागद अल्बमपेक्षा वजनदार. व्हॉट्सॲपचे संदेश द्यायचे असतील तर सगळी साखळी द्या, सोयीचे तुकडे नकोत, आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या नियमांत १९८४ च्या त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली सवलत आहे, पण प्रकरण वर गेलं तर प्रमाणपत्र असलेलं बरं.

मूळ अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज द्या. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत मूल मोठं होतं. पालक व पाल्य कायद्याच्या कलम १२ खाली तात्पुरता आदेश मात्र सुरुवातीलाच मागता येतो. समोरच्यांना नोटीस जाते, ते त्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करतात, मग सुनावणी. कलम ११ मध्ये नोटीस मुलाच्या राहत्या घरावर लावण्याचीही तरतूद आहे. वाचता येणाऱ्या मुलाने ती दारावर पाहू नये, म्हणून समोरच्या बाजूचा योग्य पत्ता द्या, म्हणजे नोटीस हातात बजावली जाईल.

अंतरिम अर्जातली मागणी "योग्य वाटेल ती भेट द्यावी" अशी मोघम ठेवू नका. न्यायाधीशांच्या समोर तयार वेळापत्रक असेल तर त्यावर काटछाट करून आदेश लिहिता येतो. पहिले दोन महिने दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सायंकाळी ४ ते ६, कोर्टाच्या मुलांच्या खोलीत किंवा दोघांना मान्य अशा ठिकाणी, आई समोर असली तरी चालेल. सगळं सुरळीत गेलं तर पुढे सकाळी ११ ते ५, तुमच्या घरी. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस आणि उन्हाळ्यातला एक आठवडा. वाढदिवशी एक तास. मूल कोण आणणार, कोण पोहोचवणार, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, परीक्षेच्या काळात काय, हेही लिहा. भांडणं प्रेमावरून होत नाहीत, ती "तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात" यावरून होतात. फोनची वेळ वेगळी मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, ताबा नसलेल्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं म्हटलं होतं. ते आई-वडिलांपुरतं असलं तरी आठवड्यातून दोनदा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल मागताना त्याचा दाखला देता येतो.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ मुळे परवानगीचा अर्ज द्यावा लागतो आणि ती सहसा मिळते. पण समुपदेशकाच्या खोलीत तुम्हीच बोलायचं असतं. तिथे सुनेचं वागणं सांगत बसलात तर वेळ संपते. मुलाला काय आवडतं, त्याचं जेवण, त्याची भीती, त्याच्या शाळेचा मित्र, तुमच्या घरात तो झोपणार कुठे, तुम्ही आजारी पडलात तर त्याला कोण बघणार, हे सांगा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहूनच न्या. धाकटा मुलगा, मुलगी, शेजारचं कोणी, जो कोणी असेल त्याचं संमतीचं शपथपत्र सोबत असू द्या. वय हा नकाराचा आधार होऊ नये हे खरं, पण "देव बघेल" हे उत्तरही चालत नाही.

समज आलेल्या मुलाशी न्यायाधीश आपल्या दालनात एकटं बोलू शकतात. पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाच्या पसंतीचा विचार करायला सांगितलं आहे. मुलाला पढवू नका. सात-आठ वर्षांचं मूल "मला आजीकडे राहायचं आहे कारण आई माझी काळजी घेत नाही" असं सलग वाक्य म्हणतं, तेव्हा ते कोणाचं आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आणि पढवलेलं मूल रात्री आईच्या घरी जातं तेव्हा त्याच्या मनावर काय ओझं असतं, याचा विचार करा.

मालमत्ता हा सगळ्यांत नाजूक भाग. हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे त्याची आई, पत्नी आणि मुलं. वडील त्या वर्गात नाहीत. म्हणजे आजीचा स्वतःचा हिस्सा असतो, आजोबांचा नसतो, आणि नातवाचा हिस्सा नातवाचाच. सातबाऱ्यावर नातवाचं नाव "अ.पा.क. आई" असं लागतं, अज्ञान पालनकर्ता म्हणून. आजीच्या हिश्श्याचा वाद असेल तर त्याचा दावा वेगळा करा. भेटीच्या अर्जात फ्लॅट, विमा आणि भविष्य निर्वाह निधी आले की वाचणारा अर्जाचा हेतूच वेगळा धरतो. तुम्हाला मालमत्तेचं पालकत्व मिळालंच, तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय ती विकता किंवा गहाण ठेवता येत नाही आणि पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. हिशेबही मागितला जातो.

काही वाटा अशा आहेत ज्यांनी जाऊ नये. आईकडे असलेल्या मुलासाठी पोलिसांत तक्रार करून काही होत नाही, कारण तिचा ताबा बेकायदेशीर नाही. त्याच कारणाने उच्च न्यायालयातली हेबिअस कॉर्पसही, म्हणजे बेकायदा ताब्यातली व्यक्ती हजर करा अशी याचिकाही, टिकत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मूल बेकायदा ताब्यात असेल तरच आहे असं सांगितलं, आणि त्या प्रकरणात आई वारल्यानंतर तिच्या नातेवाइकांकडे असलेलं मूल वडिलांना मिळालं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने निर्वाह मिळतो, नातवंडांची भेट नाही. बालकल्याण समिती निराधार किंवा धोक्यातल्या मुलासाठी आहे, दोन घरांच्या वादासाठी नाही. आई-वडील दोघेही नसतील तर मात्र समितीचा आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाचा उपयोग होतो. बालसंगोपन योजनेचा अर्ज तिथेच होतो. अशा वेळी नातेवाइकाने दत्तक घेण्याचा मार्गही खुला असतो, कारण बाल न्याय कायद्याने नातेवाइकांच्या व्याख्येत दोन्हीकडचे आजी-आजोबा धरले आहेत.

आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत घ्या आणि भेटीची वही ठेवा: तारीख, वेळ, मूल आलं की नाही, नसेल तर दिलेलं कारण. एखादी भेट चुकली म्हणून धावत कोर्टात जाऊ नका. सलग चुकल्या तर त्या नोंदींसह अंमलबजावणीचा अर्ज करा. मूल हजर करण्याचा आदेश मोडला तर पालक व पाल्य कायद्याच्या कलम ४५ खाली दंड आहे, पण त्याची रक्कम १८९० चीच, शंभर रुपयांच्या घरातली. खरा धाक आहे तो त्याच कलमातल्या दिवाणी कैदेचा आणि अवमानाच्या कारवाईचा. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. अंतरिम आदेशावर अपील नाही, रिट याचिका करावी लागते. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, गाव बदललं, तर त्याच कोर्टात आदेश बदलून मागता येतो. मूल १८ वर्षांचं झालं की पालकत्वाचा आदेश संपतो. कोर्टाने पालक नेमलेला असेल तर २१ वर्षांपर्यंत, असं काही जुन्या नमुन्यांत अजून छापलेलं दिसतं; तो नियम १९९९ मध्येच गेला.